पूर्वनिर्धारित फाइल-संलग्नतेचे व्यवस्थापन

पूर्वनिर्धारित फाइल-संलग्नता म्हणजे एखाद्या प्रकारची फाइल उघडताना कोणती आज्ञावली आपोआप सुरू व्हावी, याविषयी संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असलेली नोंद होय. रोजच्या बोलण्यात हिला 'डिफॉल्ट ॲप' किंवा 'फाइल असोसिएशन' म्हणतात. कार्यालये, बँका, महाविद्यालये, रुग्णालये अशा संस्थांत अनेक संगणक एकाच वेळी सज्ज करून कर्मचाऱ्यांच्या हाती द्यावे लागतात. त्या सर्वांवर या नोंदी एकसारख्या आणि संस्थेच्या गरजेनुसार असाव्यात, यासाठी केलेल्या तजविजीला फाइल-संलग्नतेचे व्यवस्थापन असे म्हणता येईल. वरवर किरकोळ वाटणारे हे काम विंडोज ८ नंतर बरेच नाजूक झाले आहे. एकाच नोंदीवर संगणक वापरणारी व्यक्ती, संगणकाची मालक असलेली संस्था आणि ऑपरेटिंग सिस्टीमची निर्माती कंपनी असे तिघेही हक्क सांगतात, हे त्याचे मुख्य कारण आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने मायक्रोसॉफ्ट विंडोज प्रणालीचा विचार केला आहे.

संकल्पना

विंडोज प्रणाली फाइलचा प्रकार तिच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांवरून ओळखते. या अक्षरांना विस्तारक किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. पीडीएफ, डॉकएक्स, सीएसव्ही, जेपीजी ही त्याची परिचित उदाहरणे होत. फाइलचे नाव देवनागरीत लिहिता येते, परंतु विस्तारक मात्र रोमन अक्षरांतच राहतो. 'वार्षिक अहवाल' असे शुद्ध मराठी नाव दिलेल्या दस्तऐवजालाही शेवटी रोमन शेपूट असतेच. ते चुकून पुसले गेले, तर आतील मजकूर शाबूत असूनही ही फाइल कशाने उघडावी हे संगणकाला समजत नाही.

संलग्नता केवळ फाइलपुरती मर्यादित नाही. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभी येणारे एचटीटीपी व एचटीटीपीएस हे शिष्टाचार, तसेच ईमेलच्या दुव्यातील मेलटू हा शिष्टाचार, यांनाही अशीच आज्ञावली नेमून दिलेली असते. पत्रातील दुव्यावर टिचकी मारल्यावर कोणता ब्राउझर उघडेल, हे याच नोंदीवरून ठरते.

इतिहास

नावाच्या शेवटी प्रकारसूचक अक्षरे जोडण्याची पद्धत १९७०च्या दशकातील सीपी/एम या प्रणालीत रूढ होती. तेथून ती एमएस-डॉसमध्ये आली. नावाला आठ आणि विस्तारकाला तीन अक्षरे, ही डॉसची सुप्रसिद्ध मर्यादा याच परंपरेतील आहे. विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत 'विन.आयएनआय' नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये 'एक्स्टेन्शन्स' हा एक विभाग असे आणि तेथे एकेका ओळीत विस्तारक व त्याची आज्ञावली लिहिलेली असे. विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री ही नोंदव्यवस्था प्राथमिक स्वरूपात आली. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ने तिचा विस्तार केला. परिचित प्रकारांचे विस्तारक वापरकर्त्याच्या नजरेआड ठेवण्याची प्रथाही विंडोज ९५ पासूनची आहे. तिचे परिणाम पुढे सुरक्षेच्या संदर्भात दिसून आले.

विंडोज २००० मध्ये संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांसाठीच्या नोंदी आणि एकेका वापरकर्त्याच्या खासगी नोंदी अशी विभागणी करण्यात आली. विंडोज व्हिस्टाने 'यूजरचॉइस' नावाची स्वतंत्र नोंद आणली. वापरकर्त्याने स्वतः केलेली निवड तिच्यात साठवली जाते. २०१२ साली विंडोज ८ मध्ये या नोंदीला कुलूप बसले आणि संस्थात्मक व्यवस्थापनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासून उभा राहिला.

विंडोजमधील रचना

रजिस्ट्रीत विस्तारक थेट आज्ञावलीला जोडलेला नसतो. मध्ये 'प्रोगआयडी' नावाचे एक ओळखनाव असते. विस्तारक ओळखनावाकडे बोट दाखवतो. ओळखनावाखाली फाइलचे चिन्ह कोणते दाखवावे, 'उघडा' म्हटल्यावर कोणती आज्ञा चालवावी आणि 'छापा' म्हटल्यावर कोणती, हे सारे लिहिलेले असते. एकच आज्ञावली अनेक ओळखनावे नोंदवू शकते. क्रोम ब्राउझरचे 'क्रोमएचटीएमएल' हे ओळखनाव बहुतेक प्रशासकांच्या परिचयाचे आहे. फायरफॉक्सच्या ओळखनावाला तो संगणकावर ज्या मार्गावर बसवला आहे त्यावरून काढलेला एक सांकेतिक आकडा जोडलेला असतो. त्यामुळे तोच ब्राउझर वेगळ्या फोल्डरात बसवला, की ओळखनावही बदलते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील ॲपची ओळखनावे 'ॲपएक्स' या अक्षरांनी सुरू होतात. त्यापुढे येणारी अक्षरमालिका मनुष्याने वाचण्यासाठी नसतेच.

एखाद्या विस्तारकाविषयी परस्परविरोधी नोंदी असतील, तर संपूर्ण संगणकासाठीच्या नोंदीवर वापरकर्त्याची खासगी नोंद मात करते आणि त्या दोहोंवर 'यूजरचॉइस' मात करते. हा क्रम लक्षात न घेतल्याने अनेकांची फसगत होते. कमांड प्रॉम्प्टमधील 'असॉक' आणि 'एफटाइप' या जुन्या आज्ञा आजही चालतात, यशस्वी झाल्याचे सांगतात आणि तरीही फाइल पूर्वीच्याच आज्ञावलीत उघडते. त्या आज्ञा केवळ संगणकस्तरावरील नोंद बदलतात आणि वरच्या पायरीवरील निवड अबाधित राहते, हे त्याचे कारण होय.

वापरकर्त्याच्या निवडीचे संरक्षण

विंडोज ७ पर्यंत कोणतीही आज्ञावली बसवताना ती स्वतःलाच पूर्वनिर्धारित करून घेऊ शकत असे. संगीत वाजवणाऱ्या दोन आज्ञावल्या एकाच संगणकावर आल्या, की फाइलींच्या ताब्यासाठी त्यांची चढाओढ सुरू होई. ब्राउझरांचेही तसेच होते. दुष्ट हेतूने लिहिलेल्या आज्ञावल्याही हाच मार्ग वापरत. विंडोज ८ मध्ये 'यूजरचॉइस'च्या नोंदीसोबत 'हॅश' हे मूल्य साठवण्यास सुरुवात झाली. वापरकर्त्याचा सुरक्षा-क्रमांक, विस्तारक, निवडलेले ओळखनाव आणि बदलाची वेळ यांच्यावरून हे मूल्य गणिताने काढले जाते. मूल्य जुळले नाही, तर विंडोज ती निवड रद्द ठरवून स्वतःची निवड पुन्हा बसवते. 'एका ॲपची पूर्वनिर्धारित मांडणी पूर्ववत केली' अशा अर्थाची सूचना विंडोज १० मध्ये पडद्याच्या कोपऱ्यात येते, ती याच प्रसंगी.

या संरक्षणामुळे घरगुती वापरकर्त्याचा लाभ झाला, परंतु संस्थांच्या जुन्या पद्धती मोडल्या. पूर्वी एक आदर्श संगणक सर्वतोपरी सज्ज करून त्यावरील वापरकर्त्याची मांडणी सर्वांसाठी नकलली जात असे. विंडोज ८ नंतर अशा नकलेबरोबर संलग्नता येत नाहीत, कारण हॅश ज्या वापरकर्त्यासाठी काढले आहे त्याच्याशीच ते बांधलेले असते. लॉगिनच्या वेळी रजिस्ट्रीत थेट लिहिणाऱ्या लिप्याही निकामी ठरल्या. पुढे काही तंत्रज्ञांनी हॅशचे गणित उलगडून स्वतंत्र साधने तयार केली आणि ती संस्थांत वापरलीही गेली. २०२४ साली मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या अद्ययावतीकरणातून 'यूसीपीडी' हे संरक्षक ड्रायव्हर आणले. एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि पीडीएफ यांच्या नोंदींत बाहेरील साधनांनी केलेले लेखन ते अडवते. अधिकृत मार्ग सोडून केलेली योजना पुढच्या अद्ययावतीकरणात टिकेलच याचा भरवसा नाही, हे यावरून प्रशासकांना उमगले.

संस्थात्मक वितरणातील पद्धती

अधिकृत मार्गाचा पाया एक्सएमएल स्वरूपातील यादी हा आहे. प्रशासक एका नमुना-संगणकावर सर्व आवश्यक आज्ञावल्या बसवतो, सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने हव्या त्या निवडी करतो आणि मग 'डिझम' या साधनाच्या 'एक्सपोर्ट-डिफॉल्टॲपअसोसिएशन्स' या पर्यायाने ती मांडणी फाइलमध्ये उतरवून घेतो. या यादीतील प्रत्येक ओळीत विस्तारक किंवा शिष्टाचार, त्याचे ओळखनाव आणि आज्ञावलीचे नाव अशा तीन गोष्टी असतात. हॅश तेथे नसते. यादी लागू होताना विंडोज प्रत्येक वापरकर्त्यासाठी ते स्वतः काढते आणि म्हणूनच हा मार्ग निर्धोक ठरतो.

तयार यादी लागू करण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतील भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात डिझमच्याच 'इम्पोर्ट' पर्यायाने ती यादी विंडोजच्या प्रतिमेत, म्हणजे अनेक संगणकांवर उतरवल्या जाणाऱ्या मूळ संचात, घातली जाते. अशी यादी प्रत्येक नव्या वापरकर्त्याला त्याच्या पहिल्या लॉगिनच्या वेळी एकदाच लागू होते. नंतर त्याने काहीही निवडावे. ज्यांचे खाते त्या संगणकावर आधीपासून आहे, त्यांच्यावर तिचा परिणाम होत नाही. यादी घातल्यानंतर जुन्याच खात्याने लॉगिन करून ती तपासायची आणि काहीच बदलले नाही म्हणून चकित व्हायचे, असे वारंवार घडते.

दुसरा प्रकार समूह-धोरणाचा, म्हणजेच ग्रुप पॉलिसीचा. संगणक-विभागातील फाइल एक्स्प्लोररच्या धोरणांत या यादीचा मार्ग नोंदवण्याची सोय आहे. संगणक संस्थेच्या डोमेनचा सभासद असेल, तर प्रत्येक लॉगिनच्या वेळी यादी वाचली जाऊन लागू होते. त्यामुळे ती जुन्या-नव्या सर्व खात्यांना पोहोचते. परंतु कर्मचाऱ्याने दिवसा बदललेली निवड दुसऱ्या दिवशी सकाळी पुसली जाते. क्लाउडवरून व्यवस्थापित संगणकांसाठी इन्ट्यूनसारख्या साधनांतून हेच धोरण पाठवता येते. तेथे यादीचा मजकूर बेस६४ या सांकेतिक रूपात द्यावा लागतो.

हा कडकपणा सौम्य करण्यासाठी पुढे यादीत 'सजेस्टेड' आणि 'व्हर्जन' अशी दोन विशेषणे आली. सजेस्टेड असे चिन्हांकित केलेली ओळ वापरकर्त्याला एकदाच लागू होते आणि त्यानंतर त्याने केलेला बदल टिकतो. संस्थेने आवृत्तीचा क्रमांक वाढवला, तरच ती पुन्हा लागू होते. बहुतेक कार्यालयांना हेच अभिप्रेत असते: सुरुवात संस्थेने करून द्यावी, पुढचे काम करणाऱ्याने ठरवावे. ही सोय असूनही अनेक ठिकाणी सरसकट सक्तीचीच यादी वापरली जाते, कारण ती आधीपासून तशी चालत आलेली असते.

यादी किती लांब असावी, हा प्रश्न व्यवहारात निर्णायक ठरतो. निर्यात केलेल्या फाइलमध्ये नमुना-संगणकावरील यच्चयावत प्रकार येतात. त्यांत छायाचित्रे, ध्वनिफिती, चित्रफिती असे, संस्थेला ज्यांच्याविषयी काहीच म्हणायचे नाही असेही प्रकार असतात. ती फाइल जशीच्या तशी समूह-धोरणात दिली, तर कर्मचाऱ्याच्या प्रत्येक निवडीवर रोज बोळा फिरतो. म्हणून यादीत केवळ आवश्यक ओळी ठेवून बाकीच्या काढून टाकणे इष्ट असते. बहुतेक कार्यालयांत पीडीएफ, ब्राउझरचे शिष्टाचार, मेलटू आणि एखाददुसरा व्यवसायविशिष्ट प्रकार एवढ्या ओळी पुरतात.

ज्या आज्ञावलीचे ओळखनाव यादीत आहे ती संगणकावर नसेल, तर विंडोज ती ओळ निमूटपणे सोडून देते. कोठेही चूक झाल्याचे दिसत नाही. वितरणाचा क्रम म्हणून महत्त्वाचा आहे: आज्ञावली आधी, वापरकर्त्याचे पहिले लॉगिन नंतर. पीडीएफ वाचक पार्श्वभूमीवर उशिरा बसणार असेल आणि कर्मचारी त्याआधीच लॉगिन करणार असेल, तर प्रतिमेत घातलेली यादी त्याच्यापुरती वाया जाते. आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीबरोबर ओळखनाव बदलले, तरी परिणाम तोच होतो. मोठ्या संस्थांत आज्ञावली अद्ययावत करणारे आणि यादी सांभाळणारे लोक निराळे असतात. त्यामुळे हा दोष मदतकक्षाकडे तक्रारी येईपर्यंत ध्यानात येत नाही.

नवी आज्ञावली बसल्यावर 'ही फाइल उघडण्यासाठी आता नवे पर्याय आहेत' अशी सूचना वापरकर्त्याला दिसते. ती बंद करण्याचे धोरणही त्याच विभागात आहे. ती बंद न केल्यास कर्मचारी गोंधळून नको ते निवडतो आणि यादीचे दोष शोधत बसण्याची वेळ येते.

निवडीचे व्यावहारिक परिणाम

कोणती फाइल कशात उघडते यावरून कामाची अचूकता ठरते, याचे ठळक उदाहरण सीएसव्ही हा प्रकार आहे. स्वल्पविरामांनी विभागलेली ही साधी मजकूर-फाइल सामान्यतः एक्सेलला संलग्न असते. टिचकी मारून उघडताच एक्सेल मजकुराचा स्वतःच अर्थ लावू लागते. खाते-क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळतात. पंधरा अंकांच्या पुढील अंकांच्या जागी शून्य येते. तारखेसारखे दिसणारे शब्द तारखा बनतात. या शेवटच्या सवयीचा उपद्रव इतका वाढला, की २०२० साली मानवी जनुकांच्या नामकरण समितीने काही जनुकांची नावेच बदलली. मार्च व सप्टेंबर या महिन्यांच्या नावांशी जुळणारी संक्षिप्त रूपे त्यांत होती. मराठी मजकूर असलेल्या सीएसव्हीची आणखी एक अडचण असते. ती यूटीएफ-८ संकेतप्रणालीत असूनही आरंभी तशी खूण नसेल, तर थेट उघडल्यावर एक्सेल देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दाखवते. फाइल बिघडलेली नसते. ती एक्सेलमधील आयात-सुविधेतून घेतल्यास अक्षरे नीट दिसतात. काही संस्था म्हणून सीएसव्ही मुद्दाम साध्या मजकूर-संपादकाला संलग्न करतात. हिशेबाचे काम करणाऱ्यांना ते गैरसोयीचे वाटते.

पीडीएफच्या बाबतीत प्रश्न स्वाक्षरीचा आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून पीडीएफ मूलतः एज ब्राउझरमध्ये उघडतात. नुसत्या वाचनाला ते पुरेसे आहे. परंतु डिजिटल स्वाक्षरी असलेल्या दस्तऐवजाची शहानिशा करण्यासाठी ॲडोबी रीडरसारखा पूर्ण क्षमतेचा वाचक लागतो. भारतात डाउनलोड केलेल्या ई-आधारवरील स्वाक्षरी प्रमाणित करण्याची कृती त्याच प्रकारच्या वाचकात करावी लागते. कागदपत्रे तपासून निर्णय देणाऱ्या कार्यालयात पीडीएफ कशात उघडते, ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही.

सुरक्षा

मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा संगणक-कृमी फाइल-संलग्नतेच्या आधारे फैलावला. ईमेलसोबतची फाइल प्रेमपत्र असल्याचे भासवीत असे आणि तिच्या नावात टीएक्सटी हा निरुपद्रवी विस्तारक दिसे. खरा विस्तारक व्हीबीएस हा होता. परिचित विस्तारक लपवण्याच्या विंडोजच्या प्रथेमुळे तो नजरेस पडत नसे. टिचकी मारताच व्हीबीएसला संलग्न असलेला विंडोज स्क्रिप्ट होस्ट आतील आज्ञा चालवी.

यावरचा एक साधा आणि परिणामकारक उपाय आजही वापरात आहे. व्हीबीएस, जेएस, डब्ल्यूएसएफ, एचटीए यांसारखे चालवले जाणारे प्रकार नोटपॅडला संलग्न करायचे. कर्मचाऱ्याने अशी फाइल चुकून उघडली, तर ती चालण्याऐवजी तिच्यातील मजकूर पडद्यावर दिसतो. त्याला काही कळत नाही, पण हानीही होत नाही. मात्र हा उपाय केवळ टिचकीपुरता आहे. दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीने स्क्रिप्ट होस्टला नावाने हाक मारून तीच फाइल चालवली, तर संलग्नता आडवी येत नाही. त्यासाठी आज्ञावली-नियंत्रणाची निराळी साधने लागतात. संस्थेची स्वतःची लॉगिन-लिपी व्हीबीएसमध्ये लिहिलेली असेल, तर असा बदल सरसकट करण्यापूर्वी मोजक्या संगणकांवर चाचणी घेणे आवश्यक असते. विस्तारक दृश्यमान ठेवण्याचे धोरण याच्या जोडीला असावे, असे सर्वसाधारण मत आहे.

स्पर्धा आणि कायदा

पूर्वनिर्धारित जागा मिळालेली आज्ञावली बहुसंख्य लोक बदलत नाहीत. म्हणून ही जागा व्यापारीदृष्ट्या मोलाची आहे. युरोपीय आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार मायक्रोसॉफ्टने २०१० पासून युरोपातील विंडोज वापरकर्त्यांना ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवण्यास सुरुवात केली. विंडोज ७च्या एका आवृत्तीत तो मे २०११ ते जुलै २०१२ या काळात दाखवला गेला नाही. त्याबद्दल मार्च २०१३ मध्ये आयोगाने कंपनीला ५६.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला. विंडोज १० आल्यावर जुलै २०१५ मध्ये मोझिलाचे तत्कालीन प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी सत्या नाडेला यांना खुले पत्र लिहून, श्रेणीवाढ करताना वापरकर्त्यांच्या पूर्वीच्या निवडी डावलल्या जात असल्याचा आक्षेप घेतला. ऑक्टोबर २०२१ मधील विंडोज ११च्या पहिल्या आवृत्तीत ब्राउझर बदलण्यासाठी प्रत्येक विस्तारक व शिष्टाचार स्वतंत्रपणे निवडावा लागे. टीकेनंतर मार्च २०२२च्या अद्ययावतीकरणात एकाच बटणाने मुख्य प्रकार बदलण्याची सोय देण्यात आली. युरोपीय संघाचा डिजिटल बाजारपेठ कायदा मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झाला आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातील विंडोजचे वर्तन त्यानुसार काहीसे निराळे ठेवण्यात आले आहे. एकच प्रतिमा अनेक देशांत वितरित करणाऱ्या संस्थांना त्यामुळे प्रदेशानुसार चाचणी घ्यावी लागते.

या वादात हॅशसारख्या संरक्षणाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. ते वापरकर्त्याची निवड आगंतुकांपासून राखते, हे खरे. तेच कुलूप स्पर्धकांनाही बाहेर ठेवते, हेही खरे. संस्थांचे प्रशासक या दोहोंच्या मध्ये सापडतात, कारण संगणक त्यांच्या मालकीचे असूनही किल्ली मात्र निर्मात्याने आखून दिलेल्या मार्गानेच फिरवावी लागते.

इतर प्रणाली

लिनक्सवर फाइलचा प्रकार एमआयएमई या वर्गीकरणानुसार ठरतो आणि त्यासाठी विस्तारकाबरोबर फाइलचा आशयही तपासला जातो. संलग्नता 'माइमॲप्स.लिस्ट' या साध्या मजकूर-फाइलमध्ये असते. तिची संगणकव्यापी प्रत प्रशासकाने ठेवायची आणि वापरकर्त्याची प्रत तिच्यावर मात करते, इतकी ती व्यवस्था सरळ आहे. सी-डॅकने विकसित केलेली, डेबियनवर आधारित 'बॉस' ही भारतीय प्रणालीही याच कुळातील आहे. हॅशसारखे कुलूप तेथे नाही.

ॲपलच्या जुन्या मॅक प्रणालीत फाइलचा प्रकार आणि तिची निर्माती आज्ञावली हे चार-चार अक्षरांच्या संकेतांनी फाइलसोबतच साठवले जात. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन फाइली आपापल्या निर्मात्या आज्ञावलीत उघडत. २००५ साली मॅक ओएस एक्स १०.४ मध्ये 'युनिफॉर्म टाइप आयडेंटिफायर' ही पद्धत आली. आज तेथे लाँच सर्व्हिसेस ही यंत्रणा संलग्नता सांभाळते. पूर्वनिर्धारित ब्राउझर बदलताना ती वापरकर्त्याला प्रत्यक्ष विचारून संमती घेते, त्यामुळे हा बदल पडद्याआडून करणे अवघड जाते.